हितंच थांब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवाला तर नाहीच — देवापुढं हात जोडले की मी घाईघाईनं नातवाची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं, असलं काहीतरी बोलून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि एक आधीच बजावून ठेवते. मधेच ‘जाऊ द्या हो, तेव्हा तुमचं वयच काय होतं’ असलं काही म्हणायचं नाही. वय चांगलं तिशीच्या पुढं होतं. दोन लेकी होत्या पदरात. मला सगळं कळत होतं.

कळत होतं, हेच तर सांगायचंय.

सोलापुरात नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. मागच्या गल्लीत घर. घरात आत्याबाई — म्हणजे माझी सासू — आमचे हे, आमच्या दोन पोरी, माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको शालन. शालन बार्शीची. मॅट्रिक झालेली, सावळी, उंच, हसली की मान मागं टाकून हसणारी. मला ‘अक्का’ म्हणायची. आमच्या घरची एक रीत होती, आणि ती मी लावलेली नव्हती, मी येण्याआधीपासूनची होती — धाकटीनं थोरलीच्या शब्दाबाहेर जायचं नाही. थोरली म्हणेल तेव्हा पीठ मळायचं, थोरली म्हणेल तेव्हा जेवायला बसायचं. मला माझ्या वरची कुणी नव्हती म्हणून मी बारा वर्षं थेट आत्याबाईंच्या तोंडाखाली काढली. शालनला मात्र मी होते. पोरगी रीत इतकी पाळायची की हसू यायचं.

एकदा मी तिला म्हटलं, ‘हितं बस, दूध बघ, मी आले.’ आणि शेजारी बारशाला गेले ती गप्पांत अडकले. दिवेलागणीला परत येते तर बया चुलीपाशीच बसलेली. दूध केव्हाच तापून, उतरून, गार होऊन साय धरलेलं. ‘अगं, उठली का न्हाईस?’ तर म्हणाली, ‘तुमी बस म्हणला व्हता की.’ घरभर हसणं झालं. भाऊजींनी तर महिनाभर चिडवलं तिला.

ही दुधाची गोष्ट ध्यानात ठेवा. मी तर विसरायला बघितलं, जमलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. धंदा सावरला होता आणि भाऊजींच्या डोक्यात खूळ शिरलं — बायकोला बोटीनं गोव्याला न्यायचं. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं, कोकणचा किनारा बघत बघत जायचं. आत्याबाई म्हणाल्या, ‘दोघंच जायची न्हाईत. थोरली दोघं जाऊ द्या संगं.’ म्हणजे आम्ही राखणदार. मला कुणी विचारलं का, तुला समुद्र बघायचाय का म्हणून? त्या घरात मला कधी कुणी काय विचारलं होतं? पोरींना आत्याबाईंपाशी ठेवलं, दशम्या बांधल्या, चार सोलापुरी चादरी घेतल्या आणि निघाले.

दसरा होऊन गेला होता. पावसाळा संपला म्हणून बोटी सुरू झालेल्या, पण परतीचा पाऊस काही हटायला तयार नव्हता. बोट हलली आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. दिवसभर मी डेकवर पथारीवर आडवी, तोंडाशी बादली. शालन मात्र कठड्याला धरून उभी, वाऱ्यावर केस, तोंड भिजलेलं, आणि हसतेय. तिनं माझी बादली चार वेळा धुतली. माझं घाण झालेलं लुगडं धुतलं. डोकं धरलं. आणि आमचे हे — माझ्याच उशाशी उभे राहून — म्हणतात, ‘बघ जरा तिच्याकडं. बार्शीत काय समुद्र हाय व्हय? पण कशी ताठ उभी हाय.’

नवऱ्याला काय बोलायचं? राग गिळला. पण राग गिळला की जातो कुठं, सांगा ना मला? तो राग मी तिच्या नावावर लावला. जी माझी ओकारी धुवत होती, तिच्या नावावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट एका खाडीच्या तोंडाशी थांबली. बाहेर वारा फार होता, दुपारपर्यंत हलायचं नाही असं ठरलं. ज्यांना किनाऱ्यावरची गावं बघायचीत त्यांनी मचव्यातनं जाऊन या, भोंगा झाला की परत या, असं खलाशी सांगून गेले. माझा जीव जमिनीसाठी नुसता आसुसला होता. आम्ही चौघंही उतरलो.

किनाऱ्याला धक्काबिक्का काही नव्हता. मचवा गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि बायकांना खलाशी उचलून वाळूवर नेऊन ठेवायचे. शालननं लुगडं खोचलं आणि धाडकन पाण्यात उडी मारून चालत गेली. मला एका खलाशानं ज्वारीच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. तेवढ्यात लाट आली. माझा पदर त्याच्या तोंडावर, माझे पाय वर, लुगडं कुठल्या कुठं — आणि मी ‘अगं आई गं’ करून ओरडतेय. सगळे हसले. हे हसले, भाऊजी हसले, मचव्यातली परकी माणसं हसली. मला ऐकू आलं ते एकटीचं — मान मागं टाकून हसलेलं.

एवढंच. एवढ्यावरून? व्हय, एवढ्यावरून. तुम्हाला काहीतरी मोठं कारण हवं होतं ना? मलाही हवं होतं. किती वर्षं शोधलं मी. तिनं माझं काही घेतलं असतं, काही लागट बोलली असती, तर मला धरायला काहीतरी झालं असतं. नाही हो. हसली, बस्स.

पाऊस रपरपत होता. चादरी डोक्यावर घेऊन आम्ही एका वाडीतनं दुसऱ्या वाडीत गेलो. तांबडी चिखलवाट, माडांखालची घरं, जिकडंतिकडं सुकटीचा वास. आम्ही पावसासाठी आभाळाकडं बघत बसणारी माणसं, आणि इथं पाणी वरनं, खालनं, बाजूनं. पुरुष आपल्या भिजलेल्या चादरी आमच्याकडं टाकून टेकडीवरचं देऊळ बघायला गेले. आम्ही दोघी एका कोळणीच्या पडवीत थांबलो. म्हातारी चांगली होती. ‘या गो बायांनो, आत या,’ म्हणाली, चुलीशी जागा केली, चादरी वाळत टाकायला दोरी बांधून दिली. वाफाळती पेज आणून ठेवली पुढ्यात. आमच्या घरात कुणी अंडंसुद्धा शिवत नव्हतं. मी हात लावला नाही. शालननं माझ्याकडं बघितलं, मी डोळ्यांनी ‘नको’ म्हटलं, आणि तिनंही वाटी सारली. भूक लागली होती तिला. तरी सारली.

म्हातारीचा लेक पडवीत जाळं विणत बसला होता. चांगला बायकापोरं असलेला बाप्या. शालन त्याला विचारत होती, गाठ कशी मारता, दोरा कुठला, एक गाठ सुटली तर सगळं उसवतं का. कापडाच्या घरातली सून ती, विचारणारच. म्हातारी तिथंच, सून तिथंच. मी तिथंच. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. नंतर मी काय बोलले ते ऐकाल तेव्हा हे आठवा.

चादरी ओल्याच होत्या. मी उठले. म्हटलं, ‘हितंच थांब. चादरी वाळल्या की घड्या घाल. मी ह्यांस्नी बघून येते. मी आल्याबिगर हलू नकोस.’

‘व्हय अक्का,’ ती म्हणाली.

तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. एवढीच काय ती माझी बाजू, आणि ती इथं संपली.

मी किनाऱ्याकडं निघाले आणि बोटीचा भोंगा झाला. वेळेआधीच. वारा पडला होता, त्यांना निघायची घाई. नुसती पळापळ! पहिला मचवा भरून सुटला पण. दुसरा उभा. हे आणि भाऊजी टेकडीवरनं धावत आले, भाऊजींनी माझ्या मागं-पुढं बघितलं आणि विचारलं, ‘वहिनी, शालन?’

ती पडवी तिथनं दिसत होती हो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी म्हणाले, ‘पुढं गेली की. पहिल्या मचव्यातनं, बायकांसंगं.’

इतकं सहज निघालं तोंडातनं. मी बरीच वर्षं स्वतःला काय सांगत आले माहितेय? की मला वाटलं भोंगा ऐकून ती पळत येईल. शेवटी येईल, धापा टाकत, खलाशी ओरडतील, भाऊजी तिच्यावर खेकसतील, आणि एकदा तरी तिच्यावर सगळे हसतील. जराशी फजिती, बाकी काही नाही. असं मी सांगत आले स्वतःला.

खोटं आहे ते. मला दूध आठवलं होतं. त्याच वेळी, मचव्यात पाय टाकताना — चुलीपाशी बसलेली शालन आणि साय धरलेलं दूध. मला माहीत होतं ती हलायची नाही. माहीत असून मी मचव्यात बसले. पावसात पडवी दिसेनाशी झाली तोवर मी तिकडंच बघत होते. आणि मला बरं वाटत होतं. हो! बरं वाटत होतं! आता म्हणा, काय म्हणायचं ते.

बोटीवर ती नाही हे कळलं तोवर बोट खाडीतनं बाहेर पडली होती. भाऊजी वेड्यासारखे डेकभर फिरले. शालन, शालन करून हाका. कुणाकुणाच्या पाया पडले. बोट काय टांगा आहे मागं वळवायला? पुढच्या बंदरात उतरा म्हणाले. आणि मग हे माझ्याकडं वळले. ‘तू तर पुढं गेली म्हणालीस.’

तिथं मी सांगू शकत होते. चूक झाली, राग आला होता, मीच तिला थांबवून आले. ओरडले असते, फार तर एक थोबाडीत मारली असती. सोसलं असतं. त्याऐवजी मी रडायला लागले — खोटं रडले असंही नाही, भ्यालेच होते — आणि म्हणाले, ‘मला वाटलं गेली पुढं. मी चल चल म्हणत व्हते, तिचं ध्यान कुटं? त्या जाळंवाल्याशी बोलत बसली व्हती.’

बघितलंत? किती छोटं वाक्य. त्यात एक शब्दही खोटा नव्हता असं वाटावं, असं. भाऊजी बाजूला झाले. कठड्याला धरून उभे राहिले, आणि त्यानंतर त्यांनी तिच्या नावानं हाक मारली नाही.

पुढच्या बंदरात उतरलो. पावसानं रस्ता तुटलेला, एसटी बंद, खाडीवरची होडी बंद. त्या गावात पोचेपर्यंत दोन रात्री गेल्या. पोचलो तर ती पडवीतच होती. मांडीवर चारी चादरी, कोपऱ्याला कोपरा जुळवून घातलेल्या घड्या. भाऊजींकडं नाही, आधी माझ्याकडं बघितलं तिनं.

‘अक्का, तुमी आलाच न्हाईत की.’

म्हातारी तणतणत बाहेर आली. हातवारे करून तिच्या बोलीत सांगत होती — भोंगा झाला, मी ह्या पोरीला शंभर वेळा म्हटलं जा, पळ, तर ही म्हणते अक्का सांगून गेल्यात थांब. अगदी सगळं सांगत होती हो ती! मी मधेच बोलले, ‘चला, एसटी चुकंल.’ पण भाऊजींनी विचारलंच. शालन म्हणाली, ‘अक्का थांब म्हणल्या म्हणून थांबले.’

आणि मी म्हणाले, ‘मी? मी कवा म्हणले?’

शालननं नुसतं बघितलं. रागानं नाही. आपलंच काही ऐकण्यात चुकलं का, असं. मग मान खाली घातली. थोरलीला खोटं पाडायचं नाही, ही पण रीतच ना? पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, कुणापुढंच नाही. आणि कोळणीचं कोण ऐकतंय! कापडदुकानदार ना आम्ही, मोठी माणसं. त्या म्हातारीनं आमची सून दोन रात्री लेकीसारखी सांभाळली आणि आम्ही तिला धड रामराम केला नाही.

आमच्या ह्यांना कळलं होतं. मला पक्कं ठाऊक आहे. एसटीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडं एकदा रोखून बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं ते सोलापूर येईपर्यंत. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मरेपर्यंत विचारलं नाही त्यांनी. भित्रा माणूस! मी तरी कोण मोठी लागून गेले म्हणा.

घरी आत्याबाईंनी तिला दारातच उभं केलं. ‘दोन रात्री परक्या घरात. काय खाल्लंस?’

मी आत उभी. मनातल्या मनात म्हणतेय, बोल की खोटं, दशम्या खाल्ल्या म्हण, केळी खाल्ली म्हण. ती म्हणाली, ‘भात खाल्ला, आत्याबाई. कालवण माशाचं व्हतं. लई भूक लागली व्हती.’

झालं. आधीच तो जाळंवाला घरात येऊन बसला होता — भाऊजींनी पुढं होऊन आईला सांगितलं होतं, मी सांगितलेलं. वर हे. आत्याबाई ओरडल्या नाहीत. ‘दिवाळीला म्हायेरी जाऊ दे तिला,’ एवढंच म्हणाल्या, आणि तिला एसटीत बसवायला कुणाला पाठवलं? मला.

स्टँडवर बार्शीची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. मी खाली उभी. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणाले — माझी जीभ का झडली नाही तेव्हा? — म्हणाले, ‘तितंच थांब. दिवाळी झाली की मी येते न्यायला.’

तिनं खिडकीची सळई धरली. ‘अक्का, ह्या खेपेला तरी याल न्हवं?’

‘व्हय,’ मी म्हणाले. गाडी सुटली.

दिवाळी झाली. तिच्या वडिलांचा निरोप आला, कधी येताय. आत्याबाईंनी उत्तर धाडलं नाही. पण भाऊजींच्या तोंडाला चव नव्हती. एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी भाकऱ्या थापत होते. म्हणाले, ‘वहिनी, एकदाच विचारतो. पुन्हा विचारणार न्हाई. तुमी तिला थांब म्हणला व्हता का? व्हय म्हणला तर आत्ताच्या आत्ता बार्शीला जातो आणि घिऊन येतो. आईला काय सांगायचं ते मी बघतो. तुमचं नाव सुदिक घेणार न्हाई.’

काय अडलं होतं माझं? तिथं लाट नव्हती, पोट ढवळत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. माझं नावही जाणार नव्हतं. किनाऱ्यावरचं सोडा — तो राग होता. हे रागानं नाही केलं मी. तव्यावरची भाकरी उलटली, नीट फुगवली, उतरवून ठेवली. तेवढा वेळ होता मला. आणि म्हणाले, ‘न्हाई, भाऊजी.’

ते गेले. चार माणसं बसली, काडीमोड झाली. पुढच्या वर्षी भाऊजींचं दुसरं लग्न. नव्या जावेला घरात मीच घेतलं, मी थोरली ना. घरची रीत तिला कुणी सांगितली नाही, मीही नाही. तिला मी कधी ‘थांब’ म्हटलं नाही.

त्या लग्नाच्या दिवसांत बार्शीच्या बाजूचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं होतं, शालनच्या गल्लीतलं. ते आमच्या ह्यांना सांगत होतं, मी आतल्या दाराशी ऐकत होते. की ती पोरगी दुसरीकडं लग्न करायला तयारच होत नाही. कुणी समजावलं तर म्हणते, अक्का येतील न्यायला, त्यांनी सांगितलंय. पिशवी भरलेली आहे तिची.

सोलापूर स्टँडवरनं बार्शीला दिवसभर गाड्या सुटतात. तेव्हाही सुटायच्या. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी परत येतो. ऐकते की ती अजून तिथंच आहे, भावाच्या घरी, बालवाडीतल्या पोरांना शिकवायची बरीच वर्षं.

मी गेले नाही.